भूक, औषध आणि संयम

ज्याची जीभ स्वाधीन तो विवेकी व ज्याची सुटलेली तो लोभी, ही समजूत आपल्याकडे फार जुनी आहे. पंक्तींत एखाद्या स्थूल गृहस्थानें दुसऱ्यांदा जिलबी घेतली कीं शेजारचे डोळे मिचकावतात. कृश मनुष्यानें ती चार वेळां घेतली तर त्याच्या पचनशक्तीचें कौतुक होतें. ह्या न्यायाची फेरतपासणी करण्याचा प्रसंग आतां मधुमेहावरील एका औषधानें आणला आहे.

आपण जेवतों तेव्हां आंतड्यांतून जीएलपी-१ नांवाचें संप्रेरक रक्तांत उतरतें. रक्तांतील साखर वाढली असेल तर तें स्वादुपिंडाकडून इन्शुलिन सोडवितें, जठर रिकामें होण्याचा वेग कमी करतें आणि मेंदूस ‘आतां पुरे’ असा निरोप देतें. मात्र तें थोड्याच मिनिटांत नष्ट होतें. १९९२ सालीं डॉ. जॉन एंग यांना गिला मॉन्स्टर ह्या विषारी सरड्याच्या विषांत तसेंच, पण अधिक टिकाऊ द्रव्य सांपडलें. त्यावरून बनविलेलें एक्झेनटाइड २००५ सालीं अमेरिकेंत मधुमेहासाठीं मान्य झालें. मागाहून आलेलें सेमाग्लुटाइड आठवड्यांतून एकदां टोंचून घेतलें कीं पुरतें. २०२१ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत मधुमेह नसलेल्या स्थूल व्यक्तींचें वजन ६८ आठवड्यांत सरासरीनें सुमारें १५ टक्के उतरलें. औषध थांबविल्यावर वर्षभरांत, गेलेल्या वजनापैकीं सुमारें दोन-तृतीयांश परत आलें.

ह्या माणसांचा मनोनिग्रह एका वर्षीं एकाएकीं वाढला व पुढच्या वर्षीं ढासळला, असें कोण म्हणेल? बदलला तो शरीराचा निरोप. ज्याला आम्ही दुर्गुण म्हणून हिणवीत आलों, त्याचा बराच भाग शरीराच्या घडणीचा होता, हें आम्हीं कबूल केलें पाहिजे.

मग संयमाला अर्थ काय उरला, असें कोणी विचारील. सुईनें आलेली तृप्ति हा सद्गुण नव्हे, हें आम्हांसही मान्य आहे. पण चष्मा लावून वाचणाऱ्यास आपण लबाड म्हणत नाहीं. मळमळ, ओकारी व खर्च सोसून रोग्यानें औषध घेणें ही शरणागति नसून विवेकच आहे.

संयमाची कसोटी मात्र आतां दुसरीकडे लागते. २०२२-२३ मध्यें अनेक देशांत ह्या औषधाचा तुटवडा पडला आणि मधुमेही रोग्यांस तें वेळेवर मिळेना. वजन उतरविण्यासाठीं वाढलेली मागणी हें त्याचें एक मोठें कारण होतें. ही मागणी करणारे सारेच हौशी नव्हते. हृदयविकार व अतिवजन असलेल्या, पण मधुमेह नसलेल्या १७,००० हून अधिक रोग्यांवरील प्रयोगांत, हृदयविकाराचा झटका, पक्षाघात व हृदयरोगानें येणारा मृत्यु यांचें एकत्रित प्रमाण ह्या औषधानें सुमारें २० टक्क्यांनीं घटल्याचें २०२३ सालीं दिसून आलें. त्यांची गरज खरी आहे. पण केवळ समारंभांत सडसडीत दिसावें म्हणून जो तीच कुपी विकत घेतो, त्यानें ती कोणाच्या हातून घेतली?

पूर्वीं आम्ही संयमाचा हिशेब दुसऱ्याच्या ताटाकडे पाहून मागत होतों. आतां तो प्रश्न, ज्याला औषध परवडतें पण लागत नाहीं त्यानें, आणि तें लिहून देणाऱ्या वैद्यानें, स्वतःलाच विचारावयाचा आहे. पंक्तींत शेजाऱ्याच्या पानाकडे पाहण्याचें आम्हीं सोडलें, तरी ह्या विचाराचा आरंभ झाला असें आम्ही समजूं.