झाकलेले शहाण्णव

16 जुलै 2021 ला दहावीचा निकाल लागला आणि राज्यातली 99.95 टक्के पोरं पास झाली. परीक्षा झालीच नव्हती. कोरोनामुळे पेपर रद्द झाले होते. नववीच्या निकालाचे 50, दहावीच्या अंतर्गत मूल्यमापनाचे 30 आणि तोंडी-प्रात्यक्षिकाचे 20 अशी बेरीज करून गुणपत्रिका निघाल्या. त्यातही ही नववी 2019-20 ची. तिची दुसऱ्या सत्राची परीक्षा लॉकडाउननं खाल्लेली. म्हणजे पहिल्या सत्रात ज्याला जे पडले, तेच त्याच्या दहावीत येऊन बसले.

नेवासा तालुक्यातल्या एका वस्तीवर एकाच घरात दोन गुणपत्रिका आल्या. प्राजक्ताला 96.40 टक्के, तिच्या चुलत भावाला, वैभवला 71. नववीच्या सहामाहीला वैभव तापानं फणफणलेला होता. पुढं बोर्डात भरून काढू म्हणून त्यानं दहावीचं वर्षभर बांधावर रेंज शोधत अभ्यास केला, आणि बोर्डच रद्द झालं. प्राजक्ताचं उलटं. नववीत वर्गात पहिली. दहावीत ऑनलाइन तास सुरू ठेवून मोबाइल उशीजवळ आणि पोरगी झोपेत. अंतर्गत गुण मात्र शाळेनं सढळ हातानं दिले. आपल्याच पोरांचे गुण कोण कापतं?

पेढे वाटून झाले तोवर सीईटीचं प्रकरण उभं राहिलं. अकरावीच्या प्रवेशासाठी 21 ऑगस्टला शंभर गुणांची परीक्षा. इंग्रजी, गणित, विज्ञान, सामाजिक शास्त्रं, प्रत्येकी 25. परीक्षा ऐच्छिक. द्यायची त्यानं द्या. पण जागा आधी सीईटीवाल्यांच्या भरणार, उरल्यासुरल्या बाकीच्यांना. याला ऐच्छिक म्हणायला सरकारचंच काळीज हवं.

वैभवनं पहिल्याच दिवशी फॉर्म भरायला घेतला. दुसऱ्या दिवशी वेबसाइट बंद पडली, तरी तो रोज सेवा केंद्रात चक्कर मारून यायचा. प्राजक्ता त्या वाटेलाच गेली नाही.

"शहाण्णव पडलेत पोरीला," आज्जी म्हणाली, "कशाला आणिक परीक्षा? झाकली मूठ सव्वा लाखाची."

"आणि सीईटीत पन्नास पडले तर गावात तोंड कुठं दाखवायचं?" काकूंनी पुढं जोडलं. काकू वैभवची आई. बोलण्यात गोडी होती, पण थोडी चरचरही होती.

प्राजक्ताला हे सगळं पटत होतं. त्यामागचं खरं कारण तिनं कुणाला सांगितलं नाही. दहावीचं बीजगणित तिनं शेवटचं कधी उघडलं होतं, ते तिला आठवत नव्हतं.

जुलैच्या शेवटी प्राजक्ताच्या वडिलांनी, आप्पांनी, कांदाचाळीतला उन्हाळी कांदा काढला आणि गोण्या मोजायला म्हणून तिला घोडेगावच्या बाजारात बरोबर नेलं. लिलाव आडतीच्या ओळीनं सरकत होता. हमाल गोणीची सुतळी तोडायचा, कांदा खाली ओतायचा. व्यापारी दोन कांदे उचलून हातात चोळायचा, पात्तीकडून दाबून बघायचा आणि बोली सुटायची. आप्पांच्या वक्कलाला बेताचा भाव मिळाला, कारण ओतल्यावर मध्यम कांद्यात थोडी बारीक गोल्टी निघाली. शेजारच्या ओळीत एक धोतरवाला शेतकरी गोणी ओतू देईना. वरचे चार कांदे दाखवून म्हणत होता, "खाली असाच माल हाय, शेठ. उगं ओतून साल निघतं."

"असाच आहे तर ओता की."

"नाय, जरूर काय?"

व्यापाऱ्यानं आप्पांच्या गोल्टी निघालेल्या मालापेक्षाही कमी आकडा पुकारला आणि पुढच्या ओळीला लागला.

"त्याचा माल खराब होता का?" प्राजक्तानं टेंपोत बसल्यावर विचारलं.

"काय की. चांगलाबी असंल," आप्पा पट्टी खिशात घालत म्हणाले. "पर शिवलेल्या गोणीचा भाव सडका धरूनच लावत्यात. आपला निदान जेवढ्याला होता तेवढ्याला गेला."

2 ऑगस्टला, मुदतीच्या शेवटच्या दिवशी, तिनं फॉर्म भरला. त्या रात्री पुस्तक उघडलं, तर वर्गसमीकरणांचं पहिलं पान असं कोरं करकरीत, की नव्याचा वास यावा.

आठवडाभर दोघं अभ्यासाला बसली. 10 ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयानं सीईटीच रद्द केली. अशी परीक्षा लादण्याचा सरकारला कायद्यानं अधिकार नाही, ती फक्त राज्य मंडळाच्या अभ्यासक्रमावर घेतल्यानं बाकी बोर्डांच्या मुलांवर अन्याय होतो, आणि लस न मिळालेल्या पोरांना साथीत केंद्रांवर गोळा करणं धोक्याचं आहे, असं न्यायालयाचं म्हणणं होतं. तिन्ही गोष्टींत खोट काढायला जागा नाही. फक्त वैभवसारख्यांचा त्यात कुठं विचार झाला असेल, तर तो वस्तीपर्यंत पोचला नाही. त्यानं बातमी ऐकली, पुस्तकं दप्तरात कोंबली आणि गुरांकडं निघून गेला.

आज्जीनं देवापुढं साखर ठेवली. मूठ झाकलेलीच राहिली होती.

प्राजक्ता मात्र दुसऱ्या दिवशी गणिताच्या सरांकडं गेली. "सर, पेपर काढून ठेवला असेल ना तुम्ही सरावाला? एकवीस तारखेला आम्ही दोघं सोडवतो."

सरांना आधी कळेना. "आता कुणाला दाखवायचाय?"

"कुणाला नाही."

वैभवला ओढून न्यावं लागलं. 21 ऑगस्टला शाळेच्या पडवीत, दोन टोकांना दोघं, दोन तास. सरांनी तिथंच तपासले. वैभव 81, प्राजक्ता 54. गणितात पंचवीसपैकी सात.

घरी आज्जीनं विचारलं, "किती पडलं गं?"

"चोपन्न."

"कितीपैकी?"

"शंभरपैकी."

"मग ते शहाण्णव?"

"ते सरकारनं दिलेत, आज्जी."

काकूंनी भाकरी थापता थापता मान वर केली, पण काही बोलल्या नाहीत. आप्पा नुसते हसले.

प्रवेश अर्थातच गुणपत्रिकेवर झाले. प्राजक्ताला नगरच्या कॉलेजात विज्ञान शाखा मिळाली. वैभवचं नाव त्या यादीत आलं नाही. तालुक्याच्या ठिकाणी जागा शिल्लक होत्या, तिथं तो लागला. न्याय झाला असं कुणी म्हणू नये. नगरला जायच्या आदल्या दिवशी ती त्याच्याकडं गेली, तेव्हा तो मोटारीच्या स्टार्टरशी झटत होता.

"दर रविवारी घरी येणारे मी. गणित शिकवशील?"

"शहाण्णववालीला मी काय शिकवणार?"

"चोपन्नवालीला शिकव."

त्यानं पक्कड खाली ठेवली. "माझे एक्क्याऐंशी कोण धरतंय? कागदावर तर एकाहत्तरच आहेत."

"दोन वर्षांनी इंजिनिअरिंगची सीईटी आहे. ती ऐच्छिक नाही. तिथं तुझा दहावीचा कागद कुणी मागणार नाही, आणि माझाही नाही."

हे त्याच्या डोक्यात आलं नव्हतं. तो थोडा वेळ स्टार्टरकडंच बघत राहिला.

"फुकट नाही शिकवणार."

"कॉलेजच्या लायब्ररीतनं पुस्तकं आणीन. तुमच्याकडं नसतील ती."

"भौतिकचं आण आधी," वैभव म्हणाला. "आणि नववीचं बीजगणित घेऊन ये. तुला बहुपदींपासून सुरू करावं लागंल."