फुलदाणीतलं पाणी

धारहून देवासला आजीकडे आलेला नातू चित्रांचं एक जाडजूड पुस्तक चाळत होता. पानभर एक सोन्याची फुलदाणी होती, रशियातल्या कुण्या सरदारासाठी घडवलेली. सोन्यावर काचेची रंगीत पूड भरून भट्टीत वितळवली की मीना चढतो. हिच्यावर तो असा चढला होता, की निळा रंग छापील पानावरही ओला वाटे.

"आजी, आपल्या राजाकडे होतं का गं असं काही?"

आजी शेंगा सोलत होती. "फुलदाणीचं ठाऊक नाही बाबा. पियानो मात्र होते. देवासच्या थोरल्या पातीच्या तुकोजीराव पवारांकडे. 1921 साली फॉर्स्टर नावाचे इंग्रज लेखक त्यांचे खासगी चिटणीस म्हणून आले, तेव्हा नव्या राजवाड्यात दोन पियानो, एक हार्मोनियम, सगळं कोरं करकरीत. वाजत मात्र एकही नव्हतं. माळव्याच्या कोरड्या हवेनं लाकडं तडकलेली, पट्टी दाबली की तिथंच अडकायची. वाडाही तसाच. पुरता बांधून व्हायच्या आधीच ढासळायला लागला होता."

"राजा वाईट होता?"

"छे रे! मनानं फार मोठा. फॉर्स्टरनी पुढे 1953 साली आपल्या देवीच्या टेकडीच्या नावाचं पुस्तक लिहिलं, ते त्यांच्या मायेपोटीच. पण पैशाचं गणित महाराजांना काही जमलं नाही. शेवटी पाँडिचेरी गाठावी लागली, 1937 साली तिथंच गेले."

शेंगांची टरफलं तिनं बाजूला सारली. "फॉर्स्टर आले त्याच साली गोकुळाष्टमीही झाली, जुन्या वाड्यात. दिवसचे दिवस भजन. दागिन्यांत, गुलाबपाकळ्यांत देव इतका बुडालेला, की इवलीशी मूर्ती शोधावी लागे. महाराज तिच्यापुढे देहभान विसरून नाचायचे. शेवटी मातीचं गोकुळ वाजतगाजत तळ्यावर नेलं आणि पाण्यात सोडलं."

"विरघळलं?"

"विरघळायलाच केलं होतं की."

"मग पियानो भारी की गोकुळ?"

"किमतीनं पियानो. पण ज्याचं जे काम, ते त्याच्या हातून झालं का, एवढं बघावं. गोकुळाचं झालं."

नातवानं पुन्हा पान उघडलं. "आणि या फुलदाणीचं?"

"तिच्यात कुणी कधी पाणी घातलं होतं का, लिहिलंय बघ."

चित्राखालच्या ओळींवरून तो बोट फिरवत गेला. उंची होती, वजन होतं, कारागिराची खूण होती. त्यानं पान उलटून मागची बाजूही पाहिली.