शून्य अक्षरांचा एक क्रम

'कमल' या शब्दातली अक्षरं जितक्या क्रमांनी मांडता येतील ते सगळे क्रम छापा. प्रोग्रामिंगच्या वर्गातला हा ठरलेला प्रश्न. बहुतेकजण लूपमध्ये लूप घालू लागतात. तीन अक्षरांना तीन लूप पुरतात. पण उद्या सात अक्षरी शब्द आला तर? रिकर्शनचं, म्हणजे फंक्शनने स्वतःलाच बोलावण्याचं, उत्तर चार-पाच ओळींचं. एक अक्षर पहिल्या जागी ठेवा, उरलेल्यांचे क्रम त्याच फंक्शनकडून मागवा आणि प्रत्येकाच्या पुढे ते अक्षर लावा. 'क' पुढे ठेवला की 'मल' आणि 'लम' परत येतात. झाले कमल आणि कलम. मग पाळी 'म'ची.

खरी मेख शेवटच्या पायरीत आहे. एकही अक्षर उरलं नाही तर काय परत द्यायचं? रिकामी यादी, असं सहज वाटतं, आणि सगळं उत्तरच नाहीसं होतं. द्यायची असते ती एक रिकामी स्ट्रिंग असलेली यादी, कारण काहीच नसलेलं मांडण्याची रीत एकच. शून्याचा फॅक्टोरियल एक का धरतात, हे इथे जितकं पटतं तितकं सूत्र पाठ करून पटत नाही. नवशिके मात्र प्रत्येक कॉलचा माग काढत बसतात. त्याची गरज नसते: तळ बरोबर आहे आणि प्रश्न दरवेळी लहान होतोय, एवढं तपासलं की बाकीचं गणिती विगमनावर सोडावं.

भास्कराचार्यांनी 'लीलावती'त (1150) विचारलंय की शंकराच्या दहा हातांतल्या दहा आयुधांची अदलाबदल केली तर मूर्तीचे प्रकार किती? 36,28,800. पहिल्या हाताला दहा पर्याय, दुसऱ्याला नऊ. विचार आपल्या फंक्शनचाच. पण त्यांना नुसतं मोजायचं होतं, मांडायचं नव्हतं, म्हणून गुणाकारावर भागलं. वीस अक्षरांचे क्रम सेकंदाला एक कोटी या वेगाने छापले तरी सात हजार वर्षांहून जास्त लागतील. रिकर्शनने कोड आटोपशीर होतो, काम नव्हे.

आता 'कमल'च्या जागी 'किरण' द्या. सहाऐवजी चोवीस क्रम येतात आणि त्यातले सहा चक्क सुट्या वेलांटीने सुरू होतात! युनिकोडमध्ये वेलांटी हा वेगळा घटक असतो. फंक्शनने चार घटक पाहिले आणि चोख काम केलं. आधी शब्द अक्षरांत तोडून 'कि', 'र', 'ण' अशी यादी त्याच्या हाती दिली, की क्रम सहाच येतात.