मृत्यूला चकवणारी नावं

घरात मुलं जगत नसली की जन्मलेलं पोर उकिरड्यावर ठेवायचं आणि कुणीतरी ते सापडल्यासारखं उचलून आणायचं, अशी चाल महाराष्ट्रात होती. त्या पोराचं नाव उकिरडा, केरू, नाहीतर कचरू. भीक म्हणून पदरात पडलेला तो भिकाजी. धोंडू आणि दगडू याच घराण्यातले. टाकाऊ वस्तूकडे मृत्यू वळून पाहणार नाही, असा त्यामागचा हिशेब.

हा हिशेब एकट्या मराठी आयांचा नाही. मंगोलियात नेरगुई म्हणजे बिननावाचा आणि खुनबिश म्हणजे माणूस नव्हे, अशी नावं ठेवतात. नायजेरियातल्या योरुबा लोकांत मरून पुन्हापुन्हा त्याच आईच्या पोटी येणाऱ्या मुलाला अबिकू म्हणतात. अशा मुलाचं नाव मालोमो, ‘पुन्हा जाऊ नकोस’. इथे चकवणं नाही, उघड विनवणी आहे.

पण पाचवीच्या रात्री सटवाई कपाळावर नशीब लिहून जाते, अशीही त्याच मराठी घराची श्रद्धा असे. बारसं बाराव्या दिवशी. लिहून झालेल्यावर नाव काय करणार? तरीही आईबाप नाव ठेवत. दैव मानणारी माणसं दैवाशी हुज्जत घालायचं सोडत नाहीत, आणि श्रद्धेचं हे रूप तत्त्वज्ञांच्या नियतिवादापेक्षा खरं वाटतं.

जातककथांत पापक नावाचा तक्षशिलेचा विद्यार्थी आहे. नावाची लाज वाटून तो चांगलं नाव शोधायला निघतो. वाटेत जीवक मेलेला दिसतो, धनपाली मजुरी न आणल्याबद्दल मार खाते, पंथक रस्ता चुकलेला असतो. पापक आपलंच नाव घेऊन परत येतो. नाव ही केवळ ओळखीची खूण, हा त्या कथेचा सिद्धांत.

हा सिद्धांत नकुशीपाशी तोकडा पडतो. मुलीवर मुलगी झाली की ‘नको असलेली’ म्हणून ठेवलेलं हे नाव. कचरू म्हणताना आईच्या मनात मूल जगावं एवढंच असे. नकुशी मृत्यूला उद्देशून नाही, ते मुलीलाच ऐकवलेलं आहे. शाळेच्या हजेरीत रोज.

ऑक्टोबर २०११ मध्ये सातारा जिल्ह्यात २८५ नकुशींना समारंभाने नवी नावं दिली गेली. कुणी ऐश्वर्या झाली, कुणी वैशाली. त्याच वर्षीच्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या दर १००० मुलग्यांमागे ८९४ मुली होत्या. दहा वर्षांपूर्वी त्या ९१३ होत्या.