शेजारी ठेवलेली बंदूक

जुन्या युद्धचित्रातील बंदूक ओळखणे हा छांदिष्टांचा उद्योग समजला जातो. नळीला लाकडी दस्त्याशी जखडणाऱ्या पट्ट्या दोन की तीन, घोड्याचा आकार कसा, कमरेच्या पेटीत काडतुसे कोणती, या प्रश्नांत माणसाच्या मरणाला जागा कुठे, असा आक्षेप सहज घेता येतो. १८६३ च्या जुलैमध्ये गेटिसबर्ग येथे घेतलेले एक छायाचित्र मात्र या आक्षेपाचा फेरविचार करायला लावते.

अमेरिकेच्या यादवी युद्धातील ती लढाई १ ते ३ जुलै अशी तीन दिवस चालली. ती संपल्यावर अलेक्झांडर गार्डनर साथीदारांसह रणभूमीवर पोहोचला. ‘डेव्हिल्स डेन’ नावाच्या खडकाळ भागात, दोन कातळांमधल्या जागेत दगड रचून केलेला आडोसा, त्यामागे निपचित पडलेला तरुण सैनिक आणि दगडांना टेकवलेली बंदूक, असे ते चित्र. १८६६ च्या आपल्या संग्रहात गार्डनरने त्याला ‘बंडखोर नेमबाजाचे घर’ म्हटले. नोव्हेंबरमध्ये आपण पुन्हा तेथे गेलो तेव्हा गंजलेली बंदूक जागच्या जागी होती, असेही त्याने लिहिले.

१९७५ मध्ये विल्यम फ्रासानिटो यांनी त्या परिसराची छायाचित्रे एकमेकांशी ताडून पाहिली. हाच देह इतर चित्रांत खालच्या उतारावर पडलेला आढळला. म्हणजे तो उचलून आडोशात आणला होता. बंदुकीची साक्षही उलटली. ती नेमबाजांची खास रायफल नव्हती, आणि गार्डनरच्या तिथल्या आणखी काही चित्रांतही तीच दिसते. बहुधा ती छायाचित्रकाराच्या सामानातलीच होती. (स्मृतिवस्तू वेचणाऱ्यांची रीघ लागलेली असताना चार महिने ती गंजत पडून राहिली, हे तरी कसे मानावे?)

गार्डनरच्या बाजूने बोलता येते. त्या काळी चित्रशाळेत सैनिकाच्या हाती दुकानातले शस्त्र देण्याची रीतच होती; मांडणी म्हणजे फसवणूक, असे कोणी मानीत नसे. मृत्यूचे दुःख तर खरेच होते. पण येथे मांडलेल्या वस्तूने एका माणसावर एक कृत्य लादले. रांगेत उभा राहून गोळी झाडणारा शिपाई वेगळा, आणि आडोशाआडून एकेकाला निवडून टिपणारा वेगळा. मृताला हा आरोप नाकारता येत नाही. पट्ट्या मोजणारा अभ्यासक तो त्याच्या वतीने नाकारतो.

अर्थात शस्त्राची साक्ष तोकडीच असते. १८५७ च्या काडतुसांमुळे भारतीय वाचकाला ठाऊक असलेली १८५३ च्या नमुन्याची एन्फिल्ड त्या युद्धात दोन्ही सैन्यांकडे होती. केवळ तिच्यावरून पक्ष सांगणे धोक्याचे. त्या काळच्या लोखंडी पत्र्यावरील छायाचित्रांत तर डावे-उजवे उलटे उमटे, आणि उजव्या हाताचा शिपाई उगाच डावखुरा ठरे.

बंदुकीचा प्रकार सांगता आला. त्या तरुणाचे नाव निश्चित झालेले नाही. संग्रहातील चित्राखाली मात्र गार्डनरने दिलेले नाव अजून तसेच आहे.