दान केव्हा दान ठरते?

शरीराचे रक्षण करणारी शक्तीच कधी कधी स्वतःच्या यकृताला परके मानून त्याचा नाश करू लागते. या आजाराला ऑटोइम्यून हिपॅटायटिस म्हणतात. तो दारूमुळे होत नाही, संसर्गानेही पसरत नाही आणि स्त्रियांत अधिक आढळतो. प्रेडनिसोलोन व अझाथायोप्रिन या औषधांनी बहुतेकांचा आजार आटोक्यात राहतो. परंतु ज्यांचे यकृत निकामी होते, त्यांना प्रत्यारोपणाचाच आधार उरतो.

१९६३ साली अमेरिकेत डॉ. थॉमस स्टार्झल यांनी मनुष्यावर अशी पहिली शस्त्रक्रिया केली, पण तो बालरोगी वाचला नाही. भारतात १९९८ साली यश आले. यकृताचा काही भाग काढून दिला तरी उरलेला भाग पुन्हा वाढतो, म्हणून जिवंत मनुष्यही तो देऊ शकतो. आपल्या देशात बहुतेक यकृते अशीच, घरच्या माणसांकडून मिळतात. त्या देणाऱ्यांत स्त्रिया अधिक असतात.

येथे नीतीचा प्रश्न उभा राहतो. तिने "होय" म्हटले खरे, पण तिला "नाही" म्हणता आले असते काय? १९९४ च्या कायद्याने अवयवांच्या व्यापारास बंदी केली व दात्याची संमती आवश्यक ठरविली. पण कायदा सही पाहतो. घरच्यांनी धरलेला अबोला त्याला दिसत नाही.

कोणी म्हणेल, प्राण जात असता हक्काची भाषा कशाला? आई लेकरासाठी रात्र जागते, तेव्हा तिला कोण विचारते? हे म्हणणे पोकळ नाही. परंतु येथे निरोगी देहावर शस्त्र चालते आणि क्वचित दाताही दगावतो. शिवाय काही रोग्यांच्या नव्या यकृतातही हा आजार परत येतो. बहुतेक रोगी पुढे अनेक वर्षे जगतात, हेही तितकेच खरे. या सर्व गोष्टी दात्याला आधी सांगितल्या पाहिजेत. सत्य लपवून मागितलेले दान ही फसवणूक होय.

मंडळीनेही जपावे. घरगुती प्रार्थनेत एखाद्या बहिणीचे नाव घेऊन "तिला धैर्य दे" असे सर्वांसमक्ष मागणे, हाही दबाव होऊ शकतो. जिने नकार दिला, तिला पुढच्या रविवारी आपण पूर्वीच्याच प्रेमाने भेटू काय? संडे स्कूलच्या शिक्षकांनी मुलांना त्यागाच्या गोष्टी अवश्य सांगाव्या. मात्र त्याग स्वतः करावयाचा असतो, दुसऱ्याकडून करवून घ्यावयाचा नसतो, हेही शिकवावे. आणि मरणोत्तर अवयवदानाची आपली इच्छा आपण प्रत्येकाने घरी बोलून ठेवली, तर कित्येक घरांतील लेकीसुनांवरचा हा भार हलका होईल.