नाव राहून गेले

वाचन: इब्री 6:10

गेल्या महिन्यात हैदराबादच्या जुन्या बाजारात 45 फेऱ्यांची एक लहान तबकडी मिळाली. कॅट स्टिव्हन्सने 1971 साली गायिलेले ‘मॉर्निंग हॅज ब्रोकन’. मूळचे हे उपासनेतले गीत. एलिनॉर फार्जन यांनी लिहिलेले, 1931 साली स्तोत्रसंग्रहात छापलेले. घरी लावली. आधी खरखर, मग पियानोचे ते प्रसन्न स्वर! तबकडीवर गायकाचे नाव ठळक आहे. पण तो पियानो वाजविणाऱ्या रिक वेकमनचे नाव कोठेच नाही.

माझ्या मनाला टोचणी लागली. मंडळीच्या वार्षिक अहवालात शब्बाथशाळेच्या शिक्षकांत माझे नाव राहून गेले, म्हणून रुसून दोन रविवार मी वर्गाला गेलो नव्हतो. मुले येऊन परत गेली.

नाव छापले नाही म्हणून ते स्वर उणे झाले नाहीत. मी न शिकविलेला धडा मात्र मुलांना मिळालाच नाही.

प्रियांनो, माणसांच्या यादीतून नावे गळतात. देव मात्र आपले काम व त्याच्या नावासाठी दाखविलेली प्रीती विसरत नाही. येत्या रविवारी मी वर्गात असेन. आधी मुलांची क्षमा मागेन.

प्रभु आपणां सर्वांस सेवेत टिकवून ठेवो. आमेन.